पट्टीत न दिसणारा खर्च

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर नवं ई-मेल खातं उघडायचं होतं. काम पाच-दहा मिनिटांचं, पण त्यात अख्खी सकाळ गेली. खातं ज्यांच्या नावाने उघडायचं ते नाना ओतूरकडचे आडते. १९८१ मध्ये हा बाजार मुंबईतून इकडे हलवला तेव्हा वडिलांबरोबर आले आणि इथलेच झाले. खातं उघडून देणारी त्यांची पुतणी ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकसुरक्षेचं काम बघते आणि शनिवारी गाळ्यावर येऊन जीएसटीचं, कागदपत्रांचं निस्तरून जाते. नानांना आता स्वतःच्या नावावर कांदा बाहेर पाठवायचा आहे. त्यासाठी आयात-निर्यात कोड हवा, आणि कोडसाठी ओटीपी येईल असा मोबाइल आणि मेल हवा. मेल तसा होता, पण तो कर सल्लागाराने उघडलेला.

अशा वादात सहसा तरुण माणूस खाजगीपणाची बाजू घेतो आणि वडीलधारा 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय' म्हणून मोकळा होतो. इथे पारडी उलटी होती. संशय नानांना, आणि फुकटच्या खात्याची वकिली करत होती ती त्याच विषयात पगार घेणारी पुतणी. मी बाकड्यावर बसून ऐकत होतो. अधूनमधून माझंही थोडं घातलं आहे.

नाना: फुकट म्हणजे कितीला?

पुतणी: फुकट म्हणजे फुकट, नाना. पंधरा जीबी जागा देतात, एक रुपया लागत नाही.

नाना: इथे गोणीला हात लागला की हमाली लागते, काट्यावर चढली की तोलाई लागते, गाडीला वाराई लागते. आणि तिकडे अमेरिकेत बसून कोणी माझी पत्रं वर्षानुवर्षं सांभाळणार, ते धर्मादाय? त्याच्या गोडाऊनचं भाडं कोण भरतो ते सांग.

पुतणी: जाहिरातवाले भरतात. गुगलच्या मूळ कंपनीने २०२४ मध्ये साधारण ३५० अब्ज डॉलर मिळवले, त्यातले चारातले तीन हिस्से जाहिरातींचे. यात लपवलेलं काही नाही, त्यांच्या ताळेबंदात छापलेलं आहे.

नाना: आणि जाहिरातवाला कशावर पैसे टाकतो? माझ्या नावावरच ना?

पुतणी: तुमच्या सवयींवर. नाव त्याला दिसत नाही.

तिने मग सगळा इतिहास सांगितला, तो मी आटोपशीर देतो. फुकट मेल ही कल्पना गुगलची नव्हे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं आणि जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी स्वतःच्या जाहिरातीची ओळ चिकटवली. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आपल्याकडे मुंबईच्या रेडिफने मेल दिला आणि कित्येक मराठी घरांतला पहिला पत्ता रेडिफचाच होता. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. बाकीचे दोन-चार एमबी जागा देत असताना याने एक जीबी जागा देऊ केली. लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. त्या जागेच्या बदल्यात यंत्र मेलमधला मजकूर चाळायचं आणि त्याला जुळेल अशी जाहिरात बाजूला लावायचं. हे २०१७ पर्यंत चाललं.

नाना: म्हणजे तेरा वर्षं वाचत होते.

पुतणी: माणूस नव्हता वाचत. यंत्र वाचत होतं.

नाना: यंत्र कोणाचं?

या प्रश्नावर ती हसली, पण उत्तर टाळलं नाही. जाहिरातींसाठी मजकूर चाळणं गुगलने २०१७ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ यंत्र आता मेलकडे बघत नाही, असा नाही. नको असलेला मेल वेगळा काढायला, विमानाचं तिकीट आलं की तारीख उचलायला, पावत्या ओळखायला, उत्तर सुचवायला ते बघावंच लागतं. 'स्मार्ट फीचर्स' नावाखाली त्यातलं बरंचसं बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. तिथवर कोण जातं, हा भाग वेगळा. २०१९ मध्ये तर असं उघडकीला आलं की पावत्यांच्या मेलांवरून गुगल प्रत्येकाच्या खरेदीची यादीच करून ठेवत होतं. जाहिरातीसाठी वापरत नाही, असं कंपनीचं म्हणणं. यादी मात्र होती.

पुतणी: पण नाना, तुम्ही मेलवर अडून बसलाय, आणि माल भलतीकडून जातोय. आपण 'मेलचं खातं' म्हणून जे उघडतो ते मेलपुरतं नसतंच. तेच खातं फोनमध्ये बसतं. तेच यूट्यूबला, तेच नकाशाला, तेच गुगलवर काय शोधलं त्याला. तुम्ही रात्री गुडघेदुखीवर व्हिडिओ बघितला, सकाळी नकाशा लावून मंचरला गेलात, दुपारी कोलंबोचा कांद्याचा भाव शोधला, हे सगळं एका नावाखाली जमा होतं. जाहिरात त्यावर चालते. तुमची पत्रं कोणी वाचली नाहीत तरी चालते.

नाना: चालते म्हणजे कशी चालते?

पुतणी: तुम्ही पान उघडलं, की ते पूर्ण दिसायच्या आत लिलाव होऊन जातो. या वयाचा, या भागातला, हे हे शोधणारा माणूस आलाय, बोला किती. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं बोली लावतात, ज्याची जास्त त्याची जाहिरात. पापणी लवायच्या आत सगळं होतं.

नाना: बोली कितीला गेली ते मला कळतं?

पुतणी: नाही.

नाना: मग लिलाव कशाला म्हणतेस? हा रुमालाखालचा सौदा झाला.

वाचकांपैकी ज्यांनी आंब्याच्या मोसमात इथलं फळ मार्केट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा दोघांतच राहतो. कायद्याला उघडा लिलाव हवा. रुमाल तरीही वर्षानुवर्षं टिकला. देवगडच्या बागायतदाराची पेटी कितीला गेली, ते त्याला नंतर पट्टीवरूनच, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरूनच, कळायचं.

पुतणी: बघा आता! तुमच्याच बाजाराची रीत. आणि तुमच्याच लोकांना ती पिढ्यान् पिढ्या प्रामाणिक वाटत आली.

नाना: वाटत आली. ज्याचा हात रुमालाखाली होता, त्याला. पेटी ज्याची, त्याला विचार.

फॉर्म पुढे सरकला. नाव लिहून झालं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी नाना खूश झाले. त्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली. त्या पिढीतल्या गावोगावच्या निम्म्या मुलांना मास्तरांनी तीच दिली आहे. 'घे, ही पाहिजे तेवढी घे,' असं ते स्क्रीनला म्हणाले. खरी तारीख त्यांच्या आईलाही आठवत नव्हती. फक्त त्या वर्षी पाऊस लांबला होता, एवढं तिला माहीत होतं.

फोन नंबरच्या रकान्यावर मात्र गाडी अडली.

नाना: नंबर द्यायचा नाही.

पुतणी: का?

नाना: नंबर दिला की सगळं दिलं. बँकेला तोच, आधारला तोच, जीएसटीला तोच. आतापर्यंत गुगलकडे नुसता एक ओतूरचा म्हातारा होता. नंबर दिला की त्या म्हाताऱ्याचं पोतं शिवून त्यावर मार्का मारला.

पुतणी: आणि नाही दिला तर? पासवर्ड विसरलात, फोन हरवला, तर खातं परत कसं मिळवणार? तुम्ही ज्याला टेहळणी म्हणताय तेच कुलूपही आहे. दुसऱ्या कोणी तुमचा पासवर्ड टाकला तर तुमच्या फोनवर सूचना येते. ती बंद ठेवून घराण्याचा धंदा त्यावर चालवायचा, हे मी करू देणार नाही. बरं, जुन्या खात्यावर कोणाचा नंबर आहे, माहीत आहे तुम्हाला?

नाना: माझाच असेल.

तिने जुनं खातं उघडून दाखवलं. खातं परत मिळवण्यासाठी नोंदलेला नंबर कर सल्लागाराचा होता. जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला त्या धांदलीत त्याने गाळ्यागाळ्यांवर जाऊन खाती उघडून दिली, सोयीसाठी सगळीकडे आपलाच नंबर टाकला. वाईट हेतू असेलच असं नाही. पण नानांचा पासवर्ड बदलून आत शिरायला त्याला नानांची गरज नव्हती. आणि उद्या त्याने तो नंबर सोडला, तर आपल्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. मग ओटीपी त्या दुसऱ्याच्या खिशात.

पुतणी: गुगलला तुमच्या कांद्याचा भाव कळला तर तो काय करील? त्याला गोल्टी घ्यायची आहे का? ज्याला तुमचा भाव कळून फायदा आहे तो दोन गाळे सोडून बसलाय. आणि त्याचा आणि तुमचा कर सल्लागार एकच आहे.

हा मुद्दा नानांना लागला. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली ती टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. असल्या दिवसांत कोणी परदेशातल्या पार्टीला कुठल्या भावाने शब्द दिला आहे, हे शेजाऱ्याला कळणं म्हणजे काय, ते या बाजारात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुतणीकडे आणखी एक किस्सा होता, म्हणजे गुन्ह्याची एक तऱ्हा. भामटा निर्यातदाराच्या मेलमध्ये शिरतो आणि काहीच करत नाही. आठवडे नुसता वाचत बसतो. कोणती पार्टी, किती कंटेनर, पैसे कधी यायचे. बिल जाण्याच्या दिवशी तो पार्टीला मेल टाकतो, की आमचं बँक खातं बदललं आहे, या खात्यात भरा. पत्ता अगदी आपलाच, फक्त इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. घाईत वाचलं तर डोळ्यांना फरक कळत नाही. पैसे गेले की गेले.

पुतणी: हे असलं मोठ्या कंपनीची चाळणी बरंचसं अडवते. तुम्हाला कोणी ओळखीचा पोरगा स्वस्तात वेबसाइट आणि मेल बनवून देईल, त्याच्या सर्व्हरला ही अक्कल नसते. खाजगी म्हणाल तर खाजगी, पण दार उघडं. मी रोज हेच बघते, नाना. लोक गुगलला घाबरून चोराच्या घरी सामान ठेवतात.

नाना: मोठ्याकडून चोरी होत नाही?

पुतणी: होते. याहूची झाली. २०१३ मध्ये. आधी त्यांनी एक अब्ज खात्यांची सांगितली, २०१७ मध्ये कबूल केलं की तीनही अब्ज, म्हणजे सगळीच.

नाना: मग?

पुतणी: मग काय, कमी धोक्याचं बघायचं.

इथे मला ती बरोबर वाटत होती, आणि अजूनही बरीचशी बरोबर वाटते. सुरक्षितता आणि खाजगीपणा या दोन गोष्टी आपण एका टोपलीत टाकतो. गुगलकडे पहिली भक्कम आहे आणि दुसरी त्याच्या धंद्याच्या आड येते. नानांसारख्या माणसाचं पहिलीवाचून उद्या दिवाळं निघू शकतं; दुसरीवाचून काय जातं, ते लगेच दाखवता येत नाही. वाद तिथेच पुतणीच्या बाजूने मिटला असता.

मग ती जुन्या खात्यातलं काय ठेवायचं ते बघू लागली आणि आलेल्या फाइलींची यादी उघडली.

सातबारे होते. आधार कार्डं, पुढून-मागून. पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, काही तिरपे, कडेला धरणाऱ्याचा अंगठा आलेला. कॅन्सल केलेले चेक. जुन्नर, आंबेगाव, सिन्नर, संगमनेर. एका बाईचं खातं नवऱ्याच्या पश्चात तिच्या नावावर झालं, तर त्याचा मृत्यूचा दाखलाही. पट्टीचे पैसे थेट बँकेत जायला लागल्यापासून गाळ्याचा हिशेब लिहिणारे मेहताजी शेतकऱ्यांकडून हे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि छापून घ्यायला सोयीचं म्हणून गाळ्याच्या मेलवर टाकून ठेवतात. पैसे जमा होतात, कागद तिथेच राहतो. यादी खाली सरकवत गेलं तरी संपेना.

नाना: हे कोणी दिलं?

पुतणी: शेतकऱ्यांनी. पैसे जमा करायला.

नाना: मला दिलं. गुगलला दिलं का त्यांनी?

पुतणी: गुगल ते बघत बसत नाही, नाना. पडून आहे नुसतं.

नाना: पडून का आहे पण? माझा बाप एकाची पट्टी दुसऱ्याला दाखवत नव्हता. सख्खे भाऊ एका गाडीत माल घेऊन यायचे, तरी दोघांना वेगवेगळं बोलावून पट्टी हातात द्यायचा. याच्या डोक्यावर किती कर्ज, याने उचल किती घेतली, याचा माल कितीला पडला, हे गाळ्याबाहेर जायचं नाही. तो रकाना, 'मी सहमत आहे' म्हणून, तो मी माझ्यापुरता भरला होता ना? का यांच्या वतीने पण भरला?

पुतणी काही वेळ बोलली नाही. मग तिने जे सांगितलं ते तिच्या बाजूला सोयीचं नव्हतं, तरी सांगितलं. बेंजामिन माको हिल नावाचे एक अमेरिकी अभ्यासक स्वतःचा मेल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवत. गुगलकडे आपलं काही नसावं म्हणून. २०१४ मध्ये त्यांनी मोजून बघितलं, तर ज्या मेलांना त्यांनी उत्तर दिलं होतं त्यातले निम्म्याहून अधिक गुगलमार्फतच आलेले. त्यांनी सहमती दिली नव्हती. त्यांना लिहिणाऱ्यांनी दिली होती, आणि तेवढं पुरलं.

मला वाटतं, फुकट मेलच्या सगळ्या चर्चेत हीच बाजू राहून जाते. आपण म्हणतो, माझी माहिती, माझा सौदा, मला परवडतो. पण मेलच्या पेटीत आपलं असं किती असतं? दुसऱ्यांनी लिहिलेलं, दुसऱ्यांनी विश्वासाने पाठवलेलंच जास्त. डॉक्टर, वकील, शाळेचा कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी, आडत्या: यांच्या पेटीत शेकडो माणसांचं घर असतं आणि अटी वाचायचा कंटाळा मात्र एकट्याने केलेला असतो. ज्या सिन्नरच्या बाईने मृत्यूचा दाखला पाठवला, तिच्याकडे कदाचित स्वतःचं मेल खातं नसेलही.

पुतणी: कायदा आता हे म्हणतो, पण उलट्या बाजूने. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ चा डिजिटल माहितीसंरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. त्यात ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. आणि हे बंधन गुगललाच आहे असं समजू नका. या कागदांपुरते जबाबदार तुम्ही, नाना. हा गाळा.

नाना: म्हणजे दंड मला?

पुतणी: वरची मर्यादा अडीचशे कोटींची आहे. तुमच्यावर तेवढा कोणी लावणार नाही.

नाना: अडीचशे कोटीला हा सगळा मार्केट येईल. पालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक म्हणून नोटीस लावते, त्या भावात तर नक्की येईल.

तिने पुढे एक चांगली गोष्ट सांगितली. या कायद्याप्रमाणे संमती मागताना ती इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. नानांना त्याचं फार कौतुक वाटलं नाही. माथाडींच्या पावतीवर पण मराठीतच असतं, पण ती कोण वाचतं, असं म्हणाले. शिवाय फ्रान्सची बातमी त्यांनी नुकतीच पुतणीकडून ऐकली होती. तिथल्या माहितीसंरक्षण संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलला साडेबत्तीस कोटी युरोंचा दंड केला: जीमेलमध्ये मेलांच्या रांगेत, मेलसारख्याच दिसणाऱ्या जाहिराती न विचारता घुसवल्या म्हणून, आणि खातं उघडतानाच लोकांना 'तुमच्या आवडीच्या जाहिराती'कडे ढकललं म्हणून. खातं उघडताना! म्हणजे आत्ता स्क्रीनवर होतं तेच पान. नानांनी तिला 'झटपट' आणि 'एकेक बघून' यांतला दुसरा पर्याय निवडायला लावला आणि प्रत्येक ठिकाणी 'नको' म्हणायला लावलं. तिने ते केलं. चार-पाच वेळा जास्त बोट दाबावं लागलं, इतकंच.

नाना: आता सांग, दुसरीकडे कुठे जाता येतं?

पुतणी: जाता येतं. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आहे, २०१४ पासूनची. त्यांना स्वतःलाही तुमचा मजकूर वाचता येत नाही, अशी कुलपं. पण तुम्ही प्रोटॉनवरून कस्टम्सच्या एजंटला लिहिलं आणि तो जीमेलवर असला, तर पत्राची एक प्रत गुगलकडे गेलीच. शिवाय एका खटल्यात कर्नाटक हायकोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये केंद्राला ती बंद करायला सांगितलं. धंद्याचा पत्ता असल्या टांगत्या ठिकाणी नको.

नाना: आपल्या देशातलं?

पुतणी: चेन्नईची झोहो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शहांनीच आपला मेल तिकडे नेल्याचं जाहीर केलं. जाहिराती नाहीत. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला तर माणशी महिन्याला शंभर रुपयांच्या आत पडतं.

नाना: त्याला जाहिरात नाही, तर मिळतं कशातून?

पुतणी: ह्या शंभरातून.

हे उत्तर नानांना एकदम पटलं. समोरचा काय घेतो हे कळलं की व्यापारी माणूस निवांत होतो. पुतणी मात्र अजून तयार नव्हती. तिचं म्हणणं असं, की ज्याला पैसे दिले तोही सरकारने कागद मागितला तर देणारच, त्याचाही सर्व्हर फुटू शकतो, त्याचीही मालकी उद्या बदलू शकते. पैसे भरले म्हणून खाजगीपणा विकत मिळाला असं समजून नाना पुन्हा मेहताजींना सातबारे साठवायला मोकळे करतील, ही तिची खरी भीती. कागद येतो कसा, राहतो किती दिवस, कोणाच्या फोनमध्ये उघडतो, हे बदललं नाही तर कंपनी बदलून काही होत नाही, असं ती दोनदा म्हणाली. मेहताजी तेवढ्यात मागे येऊन उभे होते. त्यांच्या फोनमधले सगळे फोटो आपोआप त्यांच्या स्वतःच्या गुगल खात्यात जमा होत होते, हे तिने तिथल्या तिथे त्यांचा फोन घेऊन दाखवलं. नातवाच्या बारशाच्या फोटोंच्या मध्ये मंचरच्या कोणाचं तरी आधार कार्ड.

शेवटी ठरलं ते असं. कोडसाठी, सरकारी ओटीपीसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्या कटकटीसाठी हे फुकटचं खातं, नंबर नानांचाच. शेतकऱ्यांचे कागद आणि परदेशातल्या पार्टीशी बोलणं पैसे भरून घेतलेल्या पत्त्यावर. पासबुकाचा फोटो शक्यतो मागवायचाच नाही. खाते क्रमांक आणि आयएफएससी फोनवर विचारून वहीत लिहायचा, पैसे पोचल्याचा निरोप आला की संपलं. नानांना वहीचा मुद्दा विशेष आवडला. आणि जुन्या खात्यावरून सल्लागाराचा नंबर काढायचा, तोही आजच, त्याला फोन करून सांगून, म्हणजे उगाच वाईट वाटायला नको.

नाना: आणि जुन्यातलं हे सगळं आत्ताच्या आत्ता पूस.

पुतणी: पुसते. पण पुसलं की लगेच जात नाही. गुगल म्हणतं, त्यांच्याकडून पूर्ण निघायला साधारण दोन महिने, आणि राखीव प्रतींमधून जायला सहा महिन्यांपर्यंत.

नाना: यायला एक सेकंद आणि जायला सहा महिने!

पुतणी: नवीन मेलचे पैसे कुठल्या खात्यावर टाकू?

नाना: गाळ्याच्या. २०१६ ला शेतकऱ्याकडून आडत घ्यायची बंद झाली, तेव्हापासून पट्टीत काय लावलंय ते लोक चष्मा घालून बघतात, आणि बघायलाच पाहिजे. पट्टीत यातला एक पैसा दिसला, तर मेहताजी, तुमच्या पगारातून कापीन.